नकलेआधी अर्ज नाही

माझ्या आणि शेजारच्या बाईंच्या गाळ्यामध्ये प्लायवूडची एकच फळी आहे. ती वर छताला पोचत नाही आणि खाली जमिनीला टेकत नाही. खालच्या फटीतून मला बाईंकडे आलेल्या पक्षकारांच्या चपला दिसतात, आणि वरच्या मोकळ्या जागेतून त्यांच्या संगणकाची शांतता ऐकू येते. शांतता ऐकू येते हे मी विचारपूर्वक लिहीत आहे. ज्याचा स्वतःचा संगणक सकाळपासून दुपारपर्यंत दळण दळल्यासारखा घरघरत असे, त्याला शेजारच्या संगणकाचे गप्प असणे फार स्पष्ट ऐकू येते.

भाईंदर पश्चिमेला कचेरीच्या फाटकासमोर मी अर्ज लिहिण्याचे काम करतो. शाळेने मला नववीत सोडले. मी भाषेला सोडले नाही. वारसनोंद, हरकत, विनंती, स्मरणपत्र, जबाब यांपैकी काहीही सांगा, 'उपरोक्त विषयास अनुसरून' या तीन शब्दांनंतर काय यावे हे मला शोधावे लागत नाही. वकिलीची सनद घेतलेली माणसेही माझा मसुदा वाचून मान डोलावतात, हे मी पाहिलेले आहे. बाई माझ्यानंतर आल्या. गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेल्या, एका जहाज कंपनीत टंकलेखन करून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. त्यांना मसुदा येत नाही. त्यांना बोटे चालवता येतात. लोकांना मात्र तेवढेच दिसते.

"मॅडमकडे जा, पटकन होतं." हे वाक्य मी फाटकावरच्या शिपायाच्या तोंडून ऐकले, झेरॉक्सवाल्याच्या तोंडून ऐकले, आणि एकदा तर माझ्याच बाकावर बसलेल्या गृहस्थाने ते फोनवर आपल्या भावाला सांगितले.

खरे दुखणे हे की आमचे दोन्ही संगणक एकाच दिवशी, एकाच हातगाडीवरून आले. पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतले एक ऑफिस बंद झाले, त्याचा माल भंगारवाल्याने उचलला. ही बातमी बाईंना मीच दिली होती. आम्हा दोघांनाही जुनाच संगणक हवा होता, कारण आमचे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालते. नव्यावर टाकले की 'अर्जदार' या शब्दाच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हे उमटतात. गाडीवर दोन काळे डबे शेजारी शेजारी होते. मी कोणता घेऊ या विचारात असताना बाईंनी पुढे होऊन डावा उचलला.

"दोनों सेम टू सेम है, साब," भंगारवाला मला म्हणाला. "एक ही ऑफिस का माल. जुडवा भाई समझो."

मी उजवा घेतला. त्या दिवसापासून डावा डबा माझा होता, अशी माझी धारणा आहे.

आता माझी कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे. गाळा उघडला की मी उदबत्ती लावतो, संगणक सुरू करतो, समोर दिवसाचा पहिला मसुदा उघडून ठेवतो, कारण पक्षकार आत येताच पडद्यावर अक्षरे दिसली की त्याला धीर येतो. त्यानंतर त्या काळी मी तोवर लिहिलेल्या सर्व अर्जांची आणि स्कॅन केलेल्या सर्व कागदांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावत असे. ही नक्कल पूर्ण झाल्याशिवाय मी नव्या अर्जाचे एक अक्षरही छापत नसे. नकलेआधी अर्ज नाही. हे मी गाळ्यात पाटीवर लिहिलेले नव्हते, पण माझे सर्व जुने पक्षकार ते जाणत. आयुष्यभराचे लेखन एका जुन्या डब्याच्या भरवशावर ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

परंतु नक्कल संपली तरी डबा ताळ्यावर येत नसे. मसुद्याच्या खिडकीवर माउस नेऊन बोट दाबावे, तर डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत राही, आत घरघर चाले, आणि पडद्यावर अर्धे अक्षर उमटून थांबे. पलीकडून त्याच वेळी बाईंच्या प्रिंटरचा आवाज येई.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. रद्दीच्या दुकानातून मी संगणकाच्या स्मृतीविषयी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला आणि शब्दकोश घेऊन तो वाचला. सगळा समजला असे म्हणणार नाही. जे समजले ते पक्के समजले. संगणकाची मेमरी म्हणजे आपल्यासमोरचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचे कपाट. काम टेबलावर होते. कपाटात फक्त ठेवणे होते. जुन्या सिस्टीमचा एक स्वभाव असा, की कपाटातून काढलेली प्रत्येक फाइल ती टेबलावर मांडून ठेवते, कारण आत्ता मागितलेली वस्तू पुन्हा लागेल असे तिला वाटते. एकदोन फायलींना हे शहाणपण ठरते. हजारो फायली एकामागून एक आल्या की टेबल भरते, आणि मग ती शांत बसलेल्या कामकऱ्याला उठवते. माझे मराठीचे सॉफ्टवेअर समोर उघडे, पण त्या घटकेला कुणी त्याला हात लावत नाही, म्हणून त्याचे सामान गुंडाळून ती कपाटात टाकते. नक्कल संपल्यावर मी त्याला हाक मारतो, तेव्हा ते तुकड्या-तुकड्याने परत आणावे लागते. टेबलावर मात्र ज्या फायली पुन्हा कधी कुणी मागणार नाही, त्या ऐसपैस बसलेल्या असतात.

मी मेमरी वाढवून घेतली. टेबल मोठे झाले, आणि फायली त्याच्याही कडेपर्यंत पसरल्या.

त्याच ग्रंथात मला एका सेटिंगचा पत्ता लागला. तिथे दोन पर्याय होते: मेमरी वाटताना प्रोग्रामांना प्राधान्य द्यावे, की फायलींच्या साठ्याला. पहिला साध्या घरगुती वापरासाठी, दुसरा मोठ्या कार्यालयांच्या मुख्य संगणकांसाठी, असे त्यात म्हटले होते. माझ्या गाळ्यात अर्ध्या भाईंदरचे आणि उत्तनपर्यंतच्या गावांचे कागद आहेत. मी दुसरा पर्याय निवडला. घरगुती म्हणवून घेणे मला शक्य नव्हते. बाईंच्या डब्यात तो पर्याय निवडलेला नसणार, याचेही मला समाधान वाटले.

घरघर वाढली. मी ती मोठ्या कार्यालयाची घरघर मानली.

या काळात माझे लक्ष कामावर कमी आणि फटीकडे जास्त असे, हे लिहायला हरकत नाही. चेणे गावचा रबरी चपलांचा म्हातारा, जो पूर्वी माझ्याकडे येई, तो आता पलीकडे बसतो हे मला त्याच्या अंगठ्यावरून कळे. खारी गावच्या दोघी जावा कोणत्या वारी आल्या, कोण हसत गेले, कोणाला दोन प्रती लागल्या, हे सर्व मला मुखोद्गत होते. समोर बसलेल्याचे नाव मात्र मी पुन्हा विचारी.

पण एक घर माझे होते. उत्तनजवळच्या पाली गावची मावशी. मासळी विकणारी ख्रिस्ती बाई, गळ्यात क्रूस, बोलणे वाऱ्यावर ओरडावे तसे. तिच्या सासूचे अर्ज मी लिहिले, तिच्या नवऱ्याच्या होडीच्या परवान्याचे लिहिले, आणि ती मला सगळ्या आवारादेखत 'वकिला' म्हणे. पलीकडच्या गाळ्याकडे तिने कधी पाहिलेही नव्हते. गावच्या किनाऱ्यावर ती आणि तिच्या शेजारणी बांबूंवर बोंबील सुकवतात. त्या जागेची मोजणी झाली आणि ती मोकळी पडीक जागा म्हणून नकाशात दाखवली गेली. हरकत घेतली नाही तर तसेच कायम होणार. हरकत घेण्याची मुदत ज्या दिवशी संपत होती, त्या दिवशी सकाळी मावशी माझ्या बाकावर येऊन बसली. घरपट्टीच्या पावत्या, बांबूंचे जुने फोटो, शेजारणींची संमतिपत्रे मी आधीच स्कॅन करून मूळ कागद पालीला परत पाठवले होते. उरले होते हरकतीचा मसुदा लिहिणे, सर्व छापणे, आणि आवक खिडकी बंद होण्यापूर्वी शिक्का घेणे.

त्या दिवशी वीज उशिरा आली. वीज आल्याबरोबर मी उदबत्ती लावली, मसुद्याची खिडकी उघडली आणि नक्कल सुरू केली.

"आधी माजं कर ना रं वकिला," मावशी म्हणाली. "खिडकी बंद व्हयाची."

"मावशी, माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाव हाय. पन आज नियमाला सुट्टी दे."

"नियमाला सुट्टी दिली तर तो नियम कसला?"

तिने पिशवी बाकाखाली सरकवली. सासूच्या काळापासून तिचा माझ्यावर विश्वास होता. मी मसुद्याचे पहिले वाक्य मनात बांधू लागलो, आणि मनात ते बांधले जात असताना पलीकडे बाईंनी दोन पक्षकार उरकले. मी चपला मोजत नव्हतो, दिसत होत्या.

"मावशी, जागेचा सर्व्हे नंबर काय म्हणालात?"

"आताच तर सांगितला तुला. दोनदा सांगितला. तुजं ध्यान कुटं हाय?"

नक्कल अर्ध्यावर असताना मी मसुद्याच्या खिडकीवर बोट दाबले. खिडकी पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. लाल दिवा विझेना. मी नक्कल रद्द करण्याचे बटण दाबले. तेही दबून राहिले, वर येईना.

"काय झालं?"

"विचार करतोय."

"तू का डबा?"

"डबा."

"मंग तू काय करतंस?"

बाहेर ऊन फाटकाच्या खांबावरून सरकून भिंतीवर आले होते. मावशीने डोक्यावरचा पदर काढून तोंड पुसले आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती वाकून प्लायवूडच्या खालून पलीकडे पाहू लागली. तिचे ते वाकणे मला सहन झाले नाही. मी डब्याचे मुख्य बटण दाबून धरले आणि तो बंद केला.

पुन्हा सुरू केला तेव्हा निळा पडदा आला. गैरमार्गाने बंद केल्यामुळे डिस्क तपासावी लागेल, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य, आणि खाली मुंगीच्या पावलांनी चढणारा आकडा.

"हे काय आता?"

"तपासणी."

"सरकारी?"

पलीकडून बाई हसल्या. त्यांचा आवाज फळीवरून आला. "काय हो साहेब, आज परत अडकलं का?"

उत्तर माझ्याआधी मावशीने दिले. "अडकलंय ना बाय! आन मुदत आजचीच हाय. हा बसलाय नियम घेऊन."

"मग इकडे या ना मावशी. माझं मशीन रिकामंच आहे."

रिकामंच आहे. हे दोन शब्द मला जेवढे लागले तेवढे कोणत्याही पक्षकाराचे बोलणे लागले नसेल. मावशी उठली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या त्या पाहण्यात पालीचे सगळे बांबू उभे होते. मी नाही म्हणालो असतो तर ती बसून राहिली असती, असे मला आजही वाटते. निळ्या पडद्यावरचा आकडा मुंगीच्याच चालीने जात होता.

"जा," मी म्हणालो.

बाहेरच्या डिस्कची वायर मी उपटली. आज सकाळची नक्कल अर्धीच होती, पण मावशीचे कागद कालच्या आणि परवाच्या नकलेत पूर्ण उतरले होते. डिस्क मी फळीच्या खालच्या फटीतून सरकवली. बाईंचा हात आला, नखांना फिकट रंग लावलेला, आणि ती घेऊन गेला.

मी पलीकडे गेलो नाही. माझ्या खुर्चीवरच बसून राहिलो.

"साहेब, स्कॅन दिसले सगळे," बाई म्हणाल्या. "मसुदा कुठाय?"

"मसुदा माझ्याकडे आहे."

"मग द्या की."

"डोक्यात आहे. घ्या लिहून. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे हरकत सादर करण्यात येते की...'"

आणि मी फळीकडे तोंड करून सांगू लागलो. त्यांची कळफलकावरची बोटे माझ्या वाक्याच्या मागे मागे येत होती, कधी पूर्णविरामाला माझ्याआधी पोचत होती. माझा डबा माझे वाक्य असे कधीच ऐकत नसे. मी वाक्य लांबवले तरी ती बोटे थकली नाहीत, आणि त्यांनी थकावे असे मला मनापासून वाटत होते.

"'...अर्जदार व तिच्या शेजारच्या स्त्रिया सदरहू जागेवर सदरहू पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवीत आल्या असून सदरहू जागा...'"

"साहेब, 'सदरहू' पुरे झाले. पान भरलं त्यांनीच."

"कायद्याची भाषा आहे ती."

"कायद्याला एकदा सांगितलं की कळतं."

मध्येच मावशी ओरडली, "वकिला, मासली लिवू नको! बोंबील लिव. मासली सगलेच सुकवतात. बांबू बोंबलालाच लागतात."

मी थांबलो. तिचे म्हणणे कायदेशीरदृष्ट्या अचूक होते. 'बोंबील सुकविण्याकामी उभारलेले बांबू हे सदर जागेच्या अखंड वापराचा दृश्य पुरावा होत,' असे वाक्य मी त्या क्षणी केले. माझ्या सगळ्या लेखनात ते वाक्य श्रेष्ठ आहे. पलीकडे बोटे क्षणभर थबकली आणि बाई म्हणाल्या, "वा."

प्रिंटर सुरू झाला. जोडपत्रे निघू लागली, एकामागून एक, न अडकता. मग बाईंनी विचारले:

"साहेब, खाली लिहिणाऱ्याचं नाव कुणाचं टाकू?"

आमच्या धंद्यात अर्जाच्या तळाशी ती ओळ असते. लिहिणाऱ्याचे नाव. कचेरीत कोणी वाचो न वाचो, लिहिणाऱ्याला ती दिसते. मला वाटले, मोठेपणा दाखवावा. त्या नको म्हणतील, आग्रह होईल, आणि मग मावशीसमोर माझे नाव सन्मानाने पडेल.

"तुमचंच टाका, बाई. यंत्र तुमचं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कळा वाजल्या.

मावशी शिक्का घेऊन आली तेव्हा खिडकी नुकतीच बंद होत होती. माझ्या डब्याची तपासणी अजून चालूच होती. मावशीने मला पोच म्हणून मिळालेली शिक्क्याची प्रत दाखवली. माझे सर्वश्रेष्ठ वाक्य, आणि त्याखाली बाईंचे नाव. मी पोच दोन्ही हातांनी परत दिली.

ती गेल्यावर मी फळीपलीकडे बोललो. विचारायचे नव्हते, विचारले गेले. "बाई, तुम्ही नक्कल कधी काढता?"

"कसली?"

"फायलींची. दुसऱ्या डिस्कवर."

"ती होय? निघताना लावते. तोवर चहा होतो, आवरणं होतं. झालं की मशीन बंद आणि घरी. सकाळी कोण करतं ते?"

एवढेच. त्यांनी ग्रंथ वाचला नव्हता. का, हे त्यांना आजही ठाऊक नाही आणि मी सांगितलेले नाही. संध्याकाळी त्यांचेही टेबल माझ्याइतकेच फायलींनी भरत असे. पण डबा बंद झाला की टेबल कोरे होते, आणि सकाळी पहिला येऊन बसे तो त्यांचा प्रोग्राम. माझ्याकडे पहिल्या येत त्या माझ्या जुन्या फायली. डावा डबा आणि उजवा डबा, भंगारवाला म्हणाला तसे जुळे भाऊच होते.

दुसऱ्या दिवसापासून मी नक्कल संध्याकाळी लावतो. सेटिंगही बदलले, प्रोग्रामांना प्राधान्य दिले, म्हणजे आता मी घरगुती आहे. सकाळी डबा गप्प असतो. अक्षर दाबताच उमटते. या शांततेत मला पलीकडचे बोलणे पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागले, हा त्यातला तोटा.

पुढे जागेची पाहणी झाली, बांबू मोजले गेले, आणि ती जागा पडीक नसून बोंबील सुकवण्याच्या वापरात असल्याची नोंद झाली. मावशी एका सकाळी दोन पुडकी घेऊन आली. एक पलीकडे गेले. ते मोठे होते. वास फळीच्या दोन्ही बाजूंनी आला, पण मोठे कोणते हे मी फटीतून पाहिले होते.

दुसरे पुडके माझ्या टेबलावर ठेवून ती बाकावर बसली. बरोबर पालीचीच दुसरी एक बाई होती, तिला वारसनोंदीचा अर्ज हवा होता.

"माझा डबा आता चालतो, मावशी," मी म्हणालो. "पाहा, लगेच उमटतं."

"चालू दे. पन आमचं ठरलंय. सांगायचं तुज्याकडं, छापायचं तिच्याकडं. तू बोलतंस चांगला. ती हात चांगला चालवतं."

"मी दोन्ही करू शकतो."

"करशील रं. पन त्या दिवशी मना काय वाटलं ते मनाच ठाव हाय."

मी उघडलेला मसुदा तसाच ठेवला, खुर्ची फळीकडे वळवली आणि घसा साफ केला.

"बाई, घ्या लिहून. आणि लिहिणाऱ्याची ओळ या वेळी कोरी ठेवा. ती मी हाताने भरीन."

"ठेवली हो, साहेब, कोरी," पलीकडून आवाज आला. "त्या दिवशीही तुम्ही मागितली असती तर ठेवलीच असती."

मी 'उपरोक्त' म्हणालो, आणि त्यांची बोटे माझ्यामागून निघाली. माझा डबा शेजारी जागा होता, गप्प होता, पूर्ण रिकामा होता. तरीही त्यांचा डबा त्याहून थोडा अधिक गप्प आहे, असे मला ऐकताना वाटत राहिले.